कंबरदुखीसाठी गादी कशी निवडायची? कडक गादीच चांगली असते का?

सकाळी उठताना कंबर धरलेली असेल, तर घरातलं कोणी ना कोणी हमखास सांगतं, 'गादी सोड, चार दिवस जमिनीवर झोप.' गादीच्या दुकानात गेलं की तिथला सल्लाही तयार असतो, 'पाठीचा त्रास आहे ना? मग ऑर्थोच घ्या.' दोन्ही सल्ल्यांमागे समजूत एकच आहे. पाठ दुखत असेल तर अंथरूण जितकं कडक, तितकं चांगलं.

ही समजूत फक्त घराघरांतली नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत अस्थिरोगतज्ज्ञांची एक पाहणी झाली होती. त्यातही बहुतेक डॉक्टर रुग्णांना कडक गादीच सुचवत असल्याचं दिसलं. पण वेगवेगळ्या गाद्यांवर रुग्णांना झोपवून प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तेव्हा निकाल वेगळाच आला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. यातल्या सुमारे ९० टक्के लोकांच्या दुखण्यामागे नेमका एक आजार किंवा इजा दाखवता येत नाही. कारण सापडत नाही म्हटल्यावर बोट अंथरुणाकडे जातं, आणि 'पाठीसाठी खास' गाद्यांचा बाजार याच लोकांवर चालतो.

स्पेनमधल्या चाचणीत काय दिसलं?

या विषयावर सर्वाधिक उल्लेख होणारी चाचणी २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. फ्रान्सिस्को कोव्हाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्पेनमध्ये केली होती. तीत ३१३ प्रौढ रुग्ण होते. सगळ्यांना दीर्घकाळापासून कंबरदुखी होती. अंथरुणात पडल्यावर आणि सकाळी उठताना दुखतं, अशी त्यांची तक्रार होती.

चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला कडक गादी मिळाली, दुसऱ्याला मध्यम कडक. आपल्याला कोणती गादी मिळाली आहे हे रुग्णांना माहीत नव्हतं आणि त्यांना तपासणाऱ्यांनाही. गादीचा कडकपणा मोजण्यासाठी १ ते १० अशी युरोपीय मोजपट्टी वापरली होती. तीत १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गादी २.३ वर होती, मध्यम गादी ५.६ वर.

९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची स्थिती जास्त चांगली होती. अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि त्यामुळे रोजच्या कामात येणारी अडचण, या तिन्ही बाबतींत त्यांना कडक गादीवाल्यांपेक्षा अधिक आराम पडला होता.

डेन्मार्कमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत १६० रुग्णांना पाण्याची गादी, शरीराप्रमाणे आकार घेणाऱ्या फोमची गादी आणि कडक गादी अशा तीन प्रकारांत वाटलं होतं. कडक गादी तिथेही मागे पडली, पण फरक किरकोळ होता. २०१५ मध्ये 'स्लीप हेल्थ' या नियतकालिकात अशा २४ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्याचाही कौल मध्यम कडक गादीच्या बाजूने होता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. या चाचण्या लहान आहेत आणि गादीने कंबरदुखी 'बरी' झाली, असं त्या म्हणत नाहीत. चुकीची गादी दुखणं वाढवते आणि बरी गादी त्यात थोडा उतार पाडते, एवढंच त्यातून म्हणता येतं. 'या गादीने स्लिप डिस्क बरी होते' अशी जाहिरात दिसली, तर तिला कोणताही आधार नाही असं समजायला हरकत नाही.

कडक अंथरूण का नडतं?

माणसाचा कणा सरळ काठीसारखा नसतो. मानेत आणि कमरेत तो आत वळलेला असतो, पाठीत बाहेर. अगदी कडक पृष्ठभागावर उताणं झोपलं की पाठीचा वरचा भाग आणि नितंब टेकतात, पण कमरेची कमान अधांतरी राहते. रात्रभर तिला खालून आधारच नसतो. कुशीवर झोपणाऱ्यांचं आणखी अवघड होतं. सगळं वजन खांदा आणि खुब्यावर येतं, ते भाग रुततात, मुंग्या येतात आणि झोपेत सारखी कूस बदलावी लागते.

फार मऊ गादीत उलटं होतं. शरीराचा सर्वांत जड भाग म्हणजे नितंब. ते खोल जातात आणि कणा झोळीसारखा वाकतो. जुन्या नवारीच्या पलंगावर किंवा सैल झालेल्या बाजेवर एक रात्र काढली असेल, तर हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मध्यम गादी म्हणजे या दोन्हींच्या मधली. खांदा आणि खुबा थोडा आत जाईल, पण कंबर खचणार नाही. अडचण अशी की 'मध्यम' हे माप माणसागणिक बदलतं. ५० किलोच्या माणसाला जी गादी कडक वाटेल, तीच ९० किलोच्या माणसाखाली मऊ होते. म्हणून वजन जास्त असेल तर थोडी कडक आणि जाड गादी लागते, बारीक माणसाला थोडी मऊ चालते. कुशीवर झोपणाऱ्याला उताणं झोपणाऱ्यापेक्षा किंचित मऊ गादी मानवते. नवरा-बायकोच्या वजनात बराच फरक असेल, तर एका मोठ्या गादीऐवजी शेजारी शेजारी दोन एकेरी गाद्या घेणं हा साधा उपाय आहे. दिसायला तेवढं छान नाही, पण दोघांनाही झोप लागते.

'ऑर्थो' आणि 'डेन्सिटी' म्हणजे नेमकं काय?

'ऑर्थोपेडिक' या शब्दाला गादीच्या बाबतीत ठरलेली वैद्यकीय व्याख्या नाही. हा शब्द छापण्यासाठी रुग्णांवर चाचणी घ्यावी लागते, असंही नाही. कंपनी स्वतःच तो वापरते. त्यामुळे एका कंपनीची ऑर्थो गादी दगडासारखी असू शकते आणि दुसरीची बऱ्यापैकी मऊ.

आपल्याकडे ऑर्थो म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाद्यांच्या पोटात रिबॉन्डेड फोम असतो. फोम कापताना उरलेल्या तुकड्यांचा चुरा करून, चिकटद्रव्य घालून तो दाबून घट्ट केला जातो. हा फोम वजनदार आणि कडक असतो. त्याचा नुसता थर पाठीखाली असेल, तर स्पेनमधल्या चाचणीत जी गादी मागे पडली, तिच्याच जवळ आपण जातो. त्यावर दोन-तीन इंच मऊ फोम किंवा लॅटेक्सचा थर असेल, तर हीच गादी चांगलीही ठरू शकते. म्हणून 'ऑर्थो आहे का?' यापेक्षा 'आत कोणते थर आहेत आणि किती इंचांचे?' हा प्रश्न जास्त कामाचा. सांगायला टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच आहे.

डेन्सिटीबद्दलही बराच गोंधळ असतो. '३२ डेन्सिटी' म्हणजे त्या फोमच्या एका घनमीटरचं वजन ३२ किलो. यावरून गादीत माल किती भरला आहे आणि ती साधारण किती टिकेल, याचा अंदाज येतो. पण त्यावरून ती कडक आहे की मऊ, हे कळत नाही. दोन्ही गुण वेगळे आहेत. जास्त डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो आणि कमी डेन्सिटीचा कडक. कमी डेन्सिटीचा फोम दुकानात मस्त वाटतो आणि वर्ष-दोन वर्षांत नेमका कमरेखाली बसतो. कंबरदुखीवाल्यांसाठी हा खड्डाच सर्वांत वाईट.

कोणता माल घ्यावा?

पाठीच्या दृष्टीने मालापेक्षा कडकपणा महत्त्वाचा आहे. तरी प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा असतो आणि आपल्या हवेत तो कळतोच.

रबराइज्ड कॉयरची गादी म्हणजे नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून दाबलेली लादी. ती कडक असते, स्वस्त असते आणि हवा खेळती राहते. काही वर्षांत ती दबते आणि दबली की पुन्हा उठत नाही. वर मऊ थर नसलेली कॉयरची गादी कुशीवर झोपणाऱ्यांनी टाळलेली बरी.

मेमरी फोमचा जन्म १९६६ मध्ये नासाच्या विमानाच्या आसनांवरील कामातून झाला. शरीराच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. खांदा आणि खुबा दुखणाऱ्यांना त्याने बरं वाटतं. पण तो उष्णता धरून ठेवतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलर नसेल, तर मेमरी फोमवर झोपणं ही शिक्षाच. थंडीत हाच फोम काहीसा घट्ट होतो, त्यामुळे उन्हाळ्यात आवडलेली गादी डिसेंबरात कडक वाटू शकते. नुसत्या मेमरी फोमची जाड गादी घेण्यापेक्षा खाली घट्ट फोम आणि वर एक-दोन इंचांचा मेमरी फोम ही रचना अधिक व्यवहार्य आहे.

लॅटेक्स रबराच्या चिकापासून बनतो. लवचिक आणि टिकाऊ असतो, मेमरी फोमपेक्षा कमी तापतो, पण महाग आणि उचलायला जड असतो. स्प्रिंगच्या गाद्यांमध्ये एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगांपेक्षा वेगवेगळ्या पिशव्यांतल्या, म्हणजे 'पॉकेट' स्प्रिंग पाठीला चांगल्या. प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र दबते आणि शेजारच्याने कूस बदलली की आपल्याला हिंदकळावं लागत नाही.

आणि आपली कापसाची गादी?

पाठदुखीच्या लेखांमध्ये तिचा उल्लेख सहसा होत नाही, कारण ती कोणती कंपनी विकत नाही. पण महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गावात 'गादी कारखाना' अशी पाटी असतेच. नव्याने भरलेली, चांगली पिंजलेली कापसाची गादी मध्यम कडक असते, हवा खेळती ठेवते आणि तुलनेने स्वस्त पडते.

तिचा दोष म्हणजे गोळे. झोपण्याच्या जागी कापूस दबतो, कडेला सरकतो आणि कमरेखाली दरी तयार होते. पूर्वी पिंजारी दारोदार फिरायचे, दर एक-दोन वर्षांनी गादी उसवून कापूस पिंजून घेतला जायचा, पुन्हा भरून टाके घातले जायचे. ती पद्धत घरांतून गेली आणि दहा-दहा वर्षं न पिंजलेल्या गाद्या तेवढ्या उरल्या. 'कापसाच्या गादीने पाठ दुखते' ही तक्रार बऱ्याचदा अशा गादीबद्दल असते. घरात चांगल्या कापसाची गादी असेल, तर नवी घेण्याआधी ती कारखान्यात देऊन पिंजून, नीट भरून घेणं हा सर्वांत कमी खर्चाचा प्रयोग आहे. मधल्या काळात दर आठवड्याला उन्ह दाखवणं आणि डोक्याकडची बाजू पायाकडे करणं एवढं तरी करावं.

पैसे खर्च करण्याआधी काय तपासावं?

आधी पलंग बघा. गादी चांगली असूनही खालची फळी मधोमध वाकलेली असेल, लोखंडी पट्ट्या सैल झाल्या असतील किंवा पट्ट्यांमध्ये फार अंतर असेल, तर कितीही महागाची गादी खचणारच. गादी काढून चार-पाच रात्री जमिनीवर टाकून झोपा. तेवढ्यात आराम पडला, तर दोष पलंगाचा असण्याची शक्यता जास्त आणि एका प्लायवूडच्या फळीत काम भागेल. (हा प्रयोग कोकणात पावसाळ्यात करू नका. जमिनीवरच्या गादीला खालून ओल धरते आणि बुरशी येते.)

गादी फार कडक वाटत असेल, तर तिच्यावर एक जाड गोधडी किंवा दुलई अंथरून आठवडाभर झोपून बघा. बरं वाटलं तर नव्या गादीऐवजी वर टाकायचा दोन इंचांचा थर, म्हणजे टॉपर, पुरतो.

तिसरी तपासणी आपोआप होते. नातेवाइकांकडे, लॉजवर किंवा दुसऱ्या खोलीत झोपल्यावर कंबर कशी असते, याकडे लक्ष द्या. घराबाहेर दुखत नाही आणि घरी आल्यावर पुन्हा सुरू होतं, तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे. सगळीकडे सारखंच दुखत असेल, तर गादी बदलून फार काही हाती लागणार नाही.

उशांनीही बराच फरक पडतो. उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी किंवा छोटा लोड घेतला, की कमरेवरचा ताण कमी होतो. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, की वरचा पाय कमरेला ओढत नाही. पालथं झोपणं कमरेला आणि मानेला दोन्हीला जड जातं. सवय मोडत नसेल, तर निदान ओटीपोटाखाली पातळ उशी घ्यावी.

दोष गादीचा नसेल तर?

सकाळी पाठ आखडते म्हणजे गादी खराब, हे गणित कधीकधी महागात पडतं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आणि त्याच्या जवळच्या सांध्यांच्या आजारांची सुरुवात बहुधा तरुणपणी, ४५ वर्षांच्या आत होते. त्याची लक्षणं ऐकली तर कोणालाही गादीचीच तक्रार वाटेल: पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर पाठ अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ ताठ राहते.

फरक ओळखण्याची खूण अशी की या आजारात विश्रांतीने दुखणं वाढतं आणि हालचालीने कमी होतं. चालल्या-फिरल्यावर मोकळं वाटतं, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत पडून राहिलं की जास्त आखडतं. असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं असेल, तर गादीच्या दुकानाऐवजी संधिवाततज्ज्ञांकडे जायला हवं. या आजाराचं निदान होण्यात अनेकदा काही वर्षं जातात. तेवढ्यात एकामागून एक गाद्या बदलून होतात आणि मणके जुळून येण्याची प्रक्रिया आत चालूच राहते. वेळेत औषधं सुरू झाली, तर दुखणं आणि ताठरपणा आटोक्यात ठेवता येतो.

काही लक्षणांत तर एक दिवसही थांबू नये. लघवी किंवा शौचावरचं नियंत्रण जाणं, लघवी अडणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरता येणं, पायातली ताकद कमी होत जाणं, या खुणा मज्जातंतूंवर दाब आल्याच्या असू शकतात. तातडीने रुग्णालय गाठावं. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटणारं वजन, आधी होऊन गेलेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं किंवा कोणत्याही कुशीवर न थांबणारी रात्रीची वेदना असेल, तरीही आधी तपासणी.

साध्या कंबरदुखीत आणखी एक जुना सल्ला आता मागे पडला आहे, तो म्हणजे पडून राहण्याचा. जमेल तेवढं हिंडतं-फिरतं राहिल्याने पाठ लवकर सुधारते, असंच आता डॉक्टर सांगतात. अंथरूण कितीही चांगलं असलं, तरी दिवसा त्यात राहायचं नाही.

दुकानात गेल्यावर

हाताने दाबून गादी कळत नाही. चपला काढून, रोज ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर निदान दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. संकोच वाटतो, पण पुढची आठ-दहा वर्षं तिच्यावरच काढायची आहेत. उताणं झोपून कमरेखालच्या पोकळीत हात सरकवा. हात आरपार सहज गेला तर गादी तुमच्यासाठी कडक आहे, अजिबात शिरला नाही तर मऊ. थोडं अडत गेला तर ठीक. ही ढोबळ चाचणी आहे, पण विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा भरवशाची. मग कुशीवर वळा आणि सोबत आलेल्याला मागून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ साधारण सरळ दिसायला हवी.

घरात वयस्कर माणसं असतील, तर गादीची जाडी पलंगाच्या उंचीबरोबर बघावी. आठ इंची गादी उंच बॉक्स पलंगावर टाकली, तर काठावर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत आणि उठताना कमरेला हिसका बसतो. काठ मऊ असेल तर बसल्यावर माणूस घसरतो, म्हणून काठावर बसूनही पाहावं.

ऑनलाइन विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या १०० रात्रींपर्यंत वापरून परत करण्याची मुभा देतात. पाठदुखीवाल्यांसाठी ही अट किमतीच्या सवलतीपेक्षा मोलाची आहे, कारण नव्या गादीची सवय व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात आणि पहिल्या काही रात्री पाठ उलट जास्तही कुरकुरू शकते. मात्र परत करताना वाहतुकीचा खर्च कोणाचा, पैसे परत मिळणार की फक्त गादी बदलून, डाग पडला तर काय, हे आधी वाचून घ्यावं. मापाप्रमाणे कापून घेतलेली गादी सहसा परत घेत नाहीत. वॉरंटीतही खड्डा किती खोल पडला तर तक्रार मान्य होईल, हे लिहिलेलं असतं. दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे दहा वर्षं गादी तशीच राहील, असा त्याचा अर्थ नसतो.

गादी घरी आली की पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. रोज सकाळी उठताना दुखणं दहापैकी किती, एवढा एक आकडा कॅलेंडरवर टाका. परत करायची मुदत संपायच्या आठवडाभर आधी ते आकडे बघून गादी ठेवायची की नाही, हे ठरवता येतं.